प्लांट एरियांची पुनर्रचना

औद्योगिक नियंत्रण प्रणालीत संयंत्राचे जे तार्किक विभाग पाडलेले असतात त्यांच्या सीमा, उत्पादन चालू ठेवून, नव्याने आखण्याची ही प्रक्रिया होय. प्लांट एरिया म्हणजे परस्परसंबद्ध मॉड्यूलांचा, अर्थात एखादा पंप, झडप वा नियंत्रण-लूप चालवणाऱ्या लहान प्रोग्रामांचा, नाव दिलेला गट. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसए-८८ या मानकाने एंटरप्राइज, साइट आणि एरिया या वरच्या पायऱ्या सांगितल्या, परंतु एरियाची सीमा कोठे आखावी हा निर्णय उद्योगावरच सोपवला. एरिया ही कागदावरची विभागणी असल्याने तिचा कंट्रोलरशी एकास एक संबंध असतोच असे नाही. मात्र कोणता अलार्म कोणत्या ऑपरेटरच्या पडद्यावर उमटावा, कोणाला कोणता सेटपॉइंट, म्हणजे राखायचे लक्ष्यमूल्य, बदलता यावा आणि घटनांची नोंद कोणत्या शीर्षकाखाली व्हावी हे बहुतेक प्रणालींत एरियाच ठरवतो. म्हणून पुनर्रचना ही मुळात जबाबदारीची फेरवाटणी आहे, आणि तिच्याकडे केवळ नावांची आवराआवर म्हणून पाहणे धोक्याचे ठरते.

मुळशी धरण ते भिरा वीजगृह ही साखळी सीमा कोठे आखावी या प्रश्नाचे स्वरूप चांगले उलगडते. मुळा नदीवरील या धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे १९२७ साली सुरू झालेल्या टाटांच्या वीजगृहात उतरते. तेथे प्रत्येकी २५ मेगावॉटच्या सहा संचांना पुढे १५० मेगावॉटच्या उदंचन संचाची, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या आणि मागणी कमी असताना तेच पाणी वर चढवणाऱ्या यंत्राची, जोड मिळाली. अशा साखळीचे धरण, जलवाहिनी, वीजगृह आणि स्विचयार्ड असे भौगोलिक विभाग पाडणे स्वाभाविक वाटते. परंतु उदंचन संच आला की खालच्या तळ्याची पातळी पंपाच्या ऑपरेटरलाही हवी असते आणि कुंडलिका नदीत पाणी सोडणाऱ्यालाही, त्यामुळे स्थळानुसार पाडलेली सीमा अपुरी पडून कार्यानुसार विभागणीचा विचार करावा लागतो. शिवाय येथील वीज मुंबईच्या पुरवठ्याशी आणि सोडलेले पाणी खाली डोलवहाळच्या बंधाऱ्याशी जोडलेले असल्याने सर्व संच एकाच वेळी थांबवून काम करण्याची मुभा व्यवहारात मिळत नाही.

चालू संयंत्रात मॉड्यूल एका एरियातून दुसऱ्या एरियात हलवले की बदल सहसा कंट्रोलरमध्ये डाउनलोड करावा लागतो, आणि खरी जोखीम तेथेच असते. ऑपरेटरने वर्षभरात बदललेली सेटपॉइंट व ट्यूनिंगची मूल्ये आधी डेटाबेसमध्ये उतरवून घेतली नाहीत, तर डाउनलोड जुनी मूल्ये परत आणू शकतो व झडपेला अकस्मात धक्का बसू शकतो. म्हणून लूप मॅन्युअलवर घेऊन, अथवा देखभालीसाठी आळीपाळीने बंद होणाऱ्या संचाची वेळ साधून, एकेक मॉड्यूल हलवतात. संरक्षक इंटरलॉक, म्हणजे धोक्याच्या स्थितीत यंत्र आपोआप रोखणारी अट, असलेले मॉड्यूल संबंधित संच थांबलेला असतानाच हाताळणे इष्ट. काही प्रणालींत, उदाहरणार्थ डेल्टाव्हीत, मॉड्यूलचे नाव संपूर्ण प्रणालीत एकमेव असल्याने एरिया बदलूनही बाकीचे संदर्भ टिकतात. सीमेन्सच्या पीसीएस ७ मध्ये मात्र फोल्डरची नावे टॅगच्या नावात सामील करता येतात, त्यामुळे स्थलांतरानंतर पडद्यावरील आकृत्या व आलेख तपासून घ्यावे लागतात.

अलार्मची बाजू अधिक नाजूक आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोटापूर्वीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. चुकीच्या एरियात पडलेला अलार्म अशा गर्दीत भर तरी घालतो, नाहीतर ज्याच्याकडे जायला हवा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. यासाठी नव्या एरियाचे प्रवेशाधिकार व अलार्मवाटप आधी ऑपरेटर स्थानकांवर बसवतात, मॉड्यूल त्यानंतर हलवतात, आणि प्रत्येक स्थलांतरानंतर एक चाचणी-अलार्म देऊन तो योग्य माणसापर्यंत पोहोचल्याची खातरजमा पाळीप्रमुखाकडून करून घेतात. रिकामा झालेला जुना एरिया लगेच पुसत नाहीत. मासिक अहवाल, घटनांच्या नोंदी आणि बॅकअप यांपैकी कशातही त्याचे नाव वापरात नाही हे निश्चित झाल्यावरच तो काढून टाकला जातो.