आफ्रिकन मांगूर : देशी माशांचा वैरी

मुळशी : पहिल्या पावसात ओढ्यांना चढणारे मासे हा मुळशी खोऱ्यातील जुना आनंद. मात्र ज्या गुणांमुळे देशी मासे चढणीला लागतात, त्याच गुणांच्या बळावर एक परका मासा नद्यांना त्रासदायक ठरला आहे. तो म्हणजे आफ्रिकन मांगूर. बाजारात तो 'थाई मांगूर' नावानेही विकला जातो. त्याचे शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपायनस.

मूळचा आफ्रिका व पश्चिम आशियातील हा मासा दीड मीटरहून अधिक लांब वाढतो. ६० किलो वजनापर्यंतच्या नोंदी आहेत. देशी मांगूर साधारणतः फूट-दीड फुटाचा असतो. दोघांच्याही अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. छातीच्या परांतील भक्कम काटा हाताळणाऱ्यास जखमी करतो. मात्र त्यांचा नातलग असलेल्या शिंगीचा विषारी काटा अधिक वेदनादायक समजला जातो.

कल्ल्यांवरील विशेष अवयवामुळे मांगूर हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. त्यामुळे गढूळ, प्रदूषित पाण्यात तो तग धरतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. कीटक, गोगलगायी, बेडूक, मासे व त्यांची अंडी असे त्याला सारेच चालते. पुराच्या उथळ पाण्यात रात्री मादी हजारो अंडी घालते. ती एक ते दीड दिवसात उबतात.

केंद्र सरकारने २००० मध्ये या माशाच्या पालनावर बंदी घातली. तरीही उजनी जलाशयाच्या परिसरात, इंदापूर तालुक्यात चोरटी तळी आढळली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर २०१९ मध्ये राज्यात साठे नष्ट करण्याची मोहीम झाली.

मुळशी धरणाखालची मुळा पुण्यात मुठेला व पुढे भीमेला मिळून उजनीत पोहोचते. धरणाची भिंत खालून येणारा मासा अडविते. माणसाने वर आणून सोडलेली बोटुकली मात्र ती अडवू शकत नाही. टाटा कंपनीने लोणावळ्यानजीक वळवण येथे १९७० च्या दशकापासून महासीर माशाचे प्रजनन केले. अशा देशी माशांची अंडी-पिल्ले खाणारा मांगूर एकदा रुजला, की त्याला जाळ्याने निपटून काढणे जवळपास अशक्य असते. म्हणूनच तळ्यासाठी मत्स्यबीज घेताना जातीची खात्री करणे आणि नको झालेला मासा नदीत न सोडणे, हाच खरा उपाय आहे.