प्रस्ताव लिहिण्याआधी : जोतीरावांच्या निवेदनापाशी

संस्थेसाठी अनुदानाचा प्रस्ताव लिहायला शिकायचं म्हटलं की आपण आधी नमुना मागतो आणि रकाने भरायला बसतो. आज रकाने बाजूला ठेवू आणि जरा मागं जाऊ.

आपल्याकडे शाळांच्या सरकारी अनुदानाला पद्धतशीर रूप आलं ते १८५४ च्या वुड यांच्या खलित्यातून. खासगी शाळेला मदत मिळेल, पण अटींवर. शिक्षण धर्मनिरपेक्ष हवं, स्थानिक व्यवस्था धड हवी, सरकारी तपासणी मान्य हवी आणि मुलांकडून थोडी का होईना, फी घ्यायला हवी. आजचे पात्रतेचे निकष आठवले ना? पण ज्या घरात फीचे पैसेच नाहीत, त्या घरातल्या मुलाचं काय?

हा प्रश्न १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला जोतीराव फुले यांनी. त्यांचं निवेदन इंग्रजीत आहे, तारीख १९ ऑक्टोबर. ते काही स्वतःच्या संस्थेसाठी पैसे मागत नव्हते. सरकारचा पैसा कुणावर खर्च व्हावा, हे सांगत होते. तरीही प्रस्ताव शिकणाऱ्यानं ते वाचावंच.

सुरुवात बघा. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असं ते आधीच सांगून टाकतात. मग मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी काढलेल्या शाळांचा हिशेब देतात. म्हणजे आधी मर्यादा, मग काम. आपण नेमकं उलटं करतो! त्यानंतर दुखणं येतं : महसूल रयतेच्या घामाचा, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर.

आणि मागणी? ती मोघम नाही. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले घ्या, गरज पडली तर नांगर किंवा सुताराची तासणी हातात धरायला न लाजणारे. त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस. खेड्यातल्या मास्तराचं पोट कशावर चालतं हे ठाऊक असलेल्या माणसाचे हे आकडे आहेत.

सक्ती काही झाली नाही. जोतीराव १८९० मध्ये गेले. १९११ मध्ये गोखल्यांनी विधेयक आणलं, तेही फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि देशभराचा कायदा यायला २००९ उजाडलं.

आता आमची एक चूक सांगतो. एका गावातल्या बचत गटासाठी आम्ही प्रस्ताव लिहिला, मंजूरही झाला. नंतर तो गटात वाचून दाखवला. एका बाईंनी विचारलं, "ह्यात आम्ही कुठं आहोत?" 'लाभार्थी' हा शब्द पानोपानी होता, त्यांचं पाणी, त्यांची उसनवारी, त्यांचा दिवस कुठंच नव्हता. देणाऱ्याची भाषा आम्ही इतकी चोख शिकलो होतो की ज्यांच्यासाठी मागितलं तेच त्यातून गळाले.

म्हणून आता आम्ही एक सवय लावून घेतली आहे. मसुदा पाठवण्याआधी तो त्या लोकांपुढे मोठ्यानं वाचायचा. ते मध्येच थांबवून दुरुस्ती करायला लागले, की समजायचं, प्रस्ताव लिहिला जातोय.