वृषणपीळ : उपचार व दूरगामी परिणाम

वृषणाला रक्त पुरवणारी शुक्ररज्जू स्वतःभोवती पिळली की रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. साधारण १२ ते १८ वर्षे वयात हा विकार अधिक आढळतो. ज्यांचे वृषण आवरणात घंटेच्या लोलकासारखे मोकळे लोंबते, त्यांना धोका जास्त. वेदना एकाएकी उठते, उलट्या होतात. लाजेपोटी मुलगा ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून पोटदुखीच्या मुलाचे वृषणही तपासावेच. मांडीच्या आतील बाजूस हलके ओरखडल्यावर वृषण वर ओढले न जाणे, ही महत्त्वाची खूण. डॉप्लर सोनोग्राफीने रक्तप्रवाह दिसतो. मात्र लक्षणे स्पष्ट असतील तर तिच्यासाठी शस्त्रक्रिया खोळंबू देत नाहीत.

सहा तासांच्या आत पीळ सुटल्यास वृषण बहुधा वाचते; २४ तासांनंतर क्वचितच. हाताने पीळ उलगडता आला, तरी शस्त्रक्रिया टळत नाही. पीळ सोडवून वृषण कोमट ओल्या गॉझमध्ये गुंडाळतात व रंग परततो का, हे पाहतात. काळेच राहिले तर काढून टाकतात. दुसऱ्या बाजूलाही मोकळे लोंबण्याचा तोच दोष असू शकतो, म्हणून त्या बाजूचे वृषणही टाक्यांनी जखडतात.

वाचलेले वृषणही पुढील काही महिन्यांत आक्रसू शकते. शुक्राणूंची संख्या वा प्रत घटू शकते. टेस्टोस्टेरॉन बहुधा पुरेसे राहते. एका निरोगी वृषणावर बहुतेकांना अपत्यप्राप्ती होते. हवे असल्यास कृत्रिम वृषण बसवता येते.