नानाकाकांचं बोट

परवा बाबांशी फोनवर बोलताना कोंडाण्याचा विषय निघाला. आमचं कर्जतजवळचं कोंडाणे हो, सिंहगडवाला कोंडाणा नव्हे. लेण्यांमुळे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल.

तिथे पारध झाली की रानडुक्कर सोलून वाटे घालायचं काम नानाकाकांचं. (हे सगळं 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचं, उगाच तक्रार नको!) त्यांचा एक नियम होता. हाताला कुठे कापलेलं असेल तर कोयता दुसऱ्याच्या हातात द्यायचा. का, तर म्हणे डुकराचं हाड बोटात बसतं.

हे शहाणपण फुकटचं नव्हतं. एकदा हाडाचा कंगोरा लागला आणि चार दिवसांत बोट लालजांभळं होऊन सुजलं. आग आणि ठणका इतका की रात्रभर झोप नाही. एका डॉक्टरांनी नखुर्डं समजून चिरलं, पण पू निघालाच नाही. सूज महिन्याभरात आपोआप उतरली. चिरलेलं पेर मात्र कायमचं ताठ राहिलं.

आता खात्री कोण देणार? पण वर्णन हुबेहूब एरिसिपेलॉइडचं आहे, म्हणजे धावऱ्यासारखा दिसणारा रोग. हे नाव जर्मन डॉक्टर रोझेनबाख यांनी 1884 मध्ये दिलं. त्याचा जंतू त्याआधी, 1878 मध्ये, कॉख यांनी उंदरांत पाहिला होता. पुढे पाश्चर आणि त्यांचा तरुण सहकारी थुइलिए यांनी तोच जंतू डुकरांत शोधून 1883 पर्यंत लसही केली. (त्याच वर्षी कॉलऱ्याचा अभ्यास करायला गेलेला थुइलिए अलेक्झांड्रियात कॉलऱ्यानेच गेला.)

हा जंतू मांस शिजवलं की मरतो, पण खारवून किंवा धुरी देऊन दाद देत नाही. म्हणजे धोका खाणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याला जास्त. माशांच्या अंगावरही तो असतो, त्यामुळे कोळणींच्या बोटांनाही हेच दुखणं होऊ शकतं. यात पू होत नाही, म्हणून चिरून उपयोग नसतो. पेनिसिलिनने बरं होतं. क्वचित जंतू रक्तात शिरून हृदयाच्या झडपेला लागतो, तेव्हा मात्र जिवावर बेततं.

इटलीच्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने 1700 मध्ये कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला 'तू काम काय करतोस?' हेही विचारा, असं त्यात बजावलं आहे.

मी बाबांना विचारलं, त्या डॉक्टरांनी नानाकाकांना काय काय विचारलं होतं?

"नाव, वय आणि गाव," बाबा म्हणाले. "आणि दोन रुपये सुटे आहेत का."