करकंडूची पोथी आणि धाराशिवचे लेणे

दारव्ह्याच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्याची हद्द संपली की कारंजा लाड येते. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी याच गावावरून जायची. इथे दिगंबर जैनांच्या तीन मुनिपरंपरांची तीन जुनी मंदिरे आहेत: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. सतराव्या शतकात शीलविजय नावाचे श्वेतांबर साधू तीर्थयात्रा करत इथे आले होते. आपल्या ‘तीर्थमाले’त त्यांनी इथल्या बघेरवाल ज्ञातीच्या भोज संघवींच्या श्रीमंतीचे आणि दानशूरपणाचे कौतुक केले आहे. एका पंथाच्या साधूने दुसऱ्या पंथाच्या घराण्याची केलेली ही स्तुती आहे, म्हणून मी तिला जास्त वजन देतो. इथल्या मंदिरांतल्या पोथ्यांच्या भांडारांमागे कोणत्या लोकांचा हात होता, ते तिच्यावरून कळते.

मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांची सूची १९२६ साली निघाली आणि कारंज्याचे अपभ्रंश ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेत आले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्यांतले ग्रंथ एकेक करून संपादित केले. अंबादास चवरे यांच्या नावाने कारंज्यातच ग्रंथमाला सुरू झाली होती. तिच्यात १९३४ साली मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ छापले गेले.

या काव्याचा नायक करकंडू; हे नाव बौद्धांनाही परके नाही. जैनांच्या उत्तराध्ययनसूत्राच्या अठराव्या अध्ययनात चार राजर्षी एकत्र येतात: कलिंगाचा करकंडू, पांचालाचा दुम्मुह, विदेहाचा नमी आणि गांधाराचा नग्गई. पाली कुंभकार जातकातही हेच चार देश आहेत आणि नावे जवळपास तीच. दोन्हीकडे ते प्रत्येकबुद्ध, म्हणजे गुरूच्या उपदेशाशिवाय जागे झालेले. प्रसंगांची मात्र अदलाबदल झाली आहे. जैन टीकाकथेत करकंडूला म्हातारा झालेला बैल पाहून वैराग्य येते. जातकात तो फळे ओरबाडून नेलेले आंब्याचे झाड पाहतो आणि बैल दुम्मुखाच्या वाट्याला येतो. कोणी कोणाकडून घेतले हे शोधण्यापेक्षा, दोन्ही परंपरांच्या आधीची एखादी समाईक कथा असावी असे मानणे मला जास्त सयुक्तिक वाटते.

कनकामरांनी आपल्या ग्रंथाचा काळ आकड्यात दिलेला नाही. तो बांधावा लागतो. त्यांनी आदराने स्मरलेल्या पूर्वकवींत पुष्पदंत आहेत. पुष्पदंतांचे महापुराण ९६५ साली मान्यखेट येथे पुरे झाले, तेव्हा कनकामर त्यांच्यानंतरचे. प्रशस्तीत विजयपाल, भूपाल आणि कर्ण ही राजांची नावे येतात. हा कर्ण कलचुरी धरला, तर काव्य अकराव्या शतकात बसते. संपादकांनी तोच काळ मानला.

काव्याचा सर्वांत मोलाचा भाग तेरापूरचा. करकंडू तिथे पोचतो, तेव्हा डोंगरात लेणे आधीपासूनच आहे. वर एक हत्ती रोज पाणी आणि कमळे आणून वारुळाची पूजा करतो. ते वारूळ खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती निघते. पुढे लेण्यातल्या दगडाची एक गाठ फोडताच पाण्याचा लोंढा येतो. लेणे कोणाचे, याचे उत्तर कवी नील आणि महानील या विद्याधरांचे नाव घेऊन देतो; त्यानंतर करकंडू स्वतः आणखी लेणी करवतो. हिरालाल जैनांनी तेरापूर म्हणजे तेर, आणि हे लेणे म्हणजे जवळचे धाराशिवचे लेणे, असे ठरवले. तिथे पार्श्वनाथांची मूर्ती आहे, लेण्यात पाणीही आहे. काव्यातले हजार खांब मात्र कवीचे. तेवढे तिथे नाहीत.

इथे सावध राहायला हवे. लेण्यांची घडण पाहून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती मुळात बौद्ध असून नंतर जैन झाली, असे मत मांडले. पोथीने त्याचे खंडन होत नाही आणि मंडनही होत नाही. अकराव्या शतकातल्या एका जैन मुनीला हे लेणे पार्श्वनाथांचे म्हणून ठाऊक होते आणि ते फार जुने आहे असे त्यांना वाटत होते, एवढेच तिच्यावरून खात्रीने म्हणता येते. ते खोदताना छिन्नी कोणाच्या हातात होती, हे विद्याधरांच्या कथेवरून सांगता येत नाही.