खाणीतली आग आणि वाऱ्याचे गणित

१/ नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकावर खोळंबलेल्या माणसाला कोळशाने भरलेल्या वाघिणी काही नव्या नाहीत. मुंबईहून निघालेला हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. पुढे वर्ध्याहून त्याला वरोऱ्याचा फाटा फुटला, तो कोळशासाठीच. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ ते १९०६ चालली. आजचा धागा या कोळशाच्या एका खोडीविषयी, आणि तिचे गणित मांडायला जगाला लागलेल्या सव्वाशे वर्षांविषयी.

२/ वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापतो. उघडा पडलेला थर हवेतला ऑक्सिजन शोषतो, उष्णता साठत जाते आणि ठिणगीवाचून आग लागते. हवा खेळवावी तर आग पोसली जाते. न खेळवावी तर माणसे गुदमरतात.

३/ अशा आगीत ज्वाळांपेक्षा वायूचे बळी अधिक. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १८९६ च्या अहवालात दाखवून दिले की, खाणीतल्या स्फोटांनंतरचे बहुतेक मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने होतात. त्याला ना रंग, ना वास. त्यामुळे धूर कोणत्या वाटेने जाणार, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

४/ उत्तराचा पाया जुना आहे. १८५४ मध्ये इंग्लंडमधील जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी नियम मांडला: बोगद्यातून दुप्पट हवा न्यायची तर चौपट दाब लागतो. परंतु खाण म्हणजे एक बोगदा नव्हे. एकमेकांत गुंतलेल्या शेकडो वाटांचे ते जाळे असते. ते हाताने कसे सोडवणार? नियम होता, आकडेमोड आवाक्याबाहेर होती.

५/ वाट सापडली ती पाण्याच्या नळांमुळे. १९३६ मध्ये अमेरिकेतील हार्डी क्रॉस यांनी नळांच्या जाळ्यासाठी पद्धत दिली: आधी अंदाज बांधा, चूक मोजा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा. १९५१ मध्ये स्कॉट आणि हिन्स्ली यांनी ती खाणीतल्या हवेला लावली. त्यापूर्वी एकच वर्ष, सप्टेंबर १९५० मध्ये, इंग्लंडच्या क्रेसवेल खाणीत पट्टावाहकाला आग लागून ८० कामगार मेले होते. पुढे विद्युतमंडलांच्या प्रतिकृती आल्या, मग संगणक.

६/ इथवर सारे शांत खाणीचे गणित. आग लागली की खाण स्वतःच बदलते. तापलेली हवा फुगते, म्हणजे त्या बोगद्याचा अडथळा वाढतो. शिवाय ती वर चढू पाहते. चढत्या वाटेवर हा जोर पंख्याला साथ देतो. उतरत्या वाटेवर तो पंख्याशी झुंजतो. झुंज जिंकला, तर हवा उलटी फिरते आणि ज्या वाटेला कामगार सुरक्षित समजून धावले, तिथेच धूर येतो. (मला हा भाग समजायला कागदावर चार वेळा बाण काढावे लागले.) पोलंडचे व्हितोल्ड बुद्रिक यांनी या उलटापालटीचा मूलभूत अभ्यास केला.

७/ २ मे १९७२. अमेरिकेतील आयडाहो राज्य, सनशाइन ही चांदीची खाण. कोळशाचा संबंध नाही, तरी ९१ जणांचा मृत्यू झाला. खाणीला श्वास देणाऱ्या पंख्यांनीच धूर शुद्ध हवेच्या वाटेत ढकलला होता. त्या दशकात मिशिगनमधील रुडॉल्फ ग्रॉयर आग आणि वायुवीजन यांचे एकत्रित गणित मांडत होते. त्यातूनच अमेरिकन ब्यूरो ऑफ माइन्सचा ‘एमफायर’ हा संगणकीय कार्यक्रम उभा राहिला. आगीची उष्णता, धुराची वाट आणि हवेची दिशा तो क्षणाक्षणाने नव्याने काढतो.

८/ म्हणजे प्रश्न सुटला? २५ जानेवारी १९९४ रोजी बंगालमधील न्यू केंदा कोळसा खाणीत आगीच्या धुराने आणि वायूने ५५ कामगारांचा जीव घेतला. तोवर अशी प्रारूपे जगात उपलब्ध होती.

९/ आपण खाणीचा इतिहास संप, मालक, राष्ट्रीयीकरण असा वाचतो. माझ्या मते वायुवीजनाचा नकाशाही तितकाच अस्सल दस्तऐवज आहे. पण तो शिळा असेल, तर संगणक चुकीच्या खाणीचे अचूक उत्तर देतो. त्या नकाशातले प्रत्येक दार म्हणजे अडथळ्याचा एक आकडा. ते उघडे राहिले की पुढचे सारे गणित बदलते. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरवण्यास बंदी झाली. तोवर अंधारात बसून ही दारे उघडझाप करण्याचे काम तीच मुले करीत.