बाकावरचा डग विल्यम्स

अमेरिकन फुटबॉलमधल्या राखीव क्वार्टरबॅकच्या कथा साधारण एकाच साच्यातल्या असतात. मुख्य खेळाडू जायबंदी होतो, बाकावरचा उठतो आणि अजिंक्यपद मिळवून देतो. डग विल्यम्सची गोष्टही अशीच सांगतात. मला मात्र त्यात वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा माणूस मुळात बाकावर गेला कसा?

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो कुणाकडे फेकायचा, कुणाला द्यायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. कृष्णवर्णीयांनी धावावं, झेलावं, अडवावं, डोक्याचं काम त्यांना झेपणार नाही, असा समज लीगमध्ये मुरलेला होता. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कित्येकांना व्यावसायिक संघांनी सरळ दुसऱ्या जागी खेळवलं.

विल्यम्स लुइझियानाचा, ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एडी रॉबिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेला. १९७८ मध्ये टॅम्पा बेने त्याला पहिल्या फेरीत निवडलं. या संघाने त्याआधी सलग २६ सामने हरण्याचा पराक्रम केला होता. विल्यम्सच्या दुसऱ्याच मोसमात तो सुपर बोलपासून एका सामन्याच्या अंतरावर पोचला. त्याचा पगार मात्र वर्षाला १,२०,००० डॉलर. इतर संघांच्या काही राखीव क्वार्टरबॅकनाही याहून जास्त मिळत होते! १९८२च्या मोसमानंतर त्याने रास्त वाढ मागितली, मालक ह्यू कल्व्हरहाउस यांच्याशी जमलं नाही आणि त्याने संघ सोडला. त्याच सुमारास, एप्रिल १९८३ मध्ये, मेंदूतल्या गाठीने त्याची बायको गेली. मुलगी अगदी तान्ही होती. पुढे तो यूएसएफएल या नव्या लीगमध्ये खेळला, तर ती लीगच बुडाली.

टॅम्पात त्याला शिकवलेले जो गिब्ज आता वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक होते. १९८६ मध्ये त्यांनी त्याला बोलावलं, पण जे श्रोडरच्या मागे, राखीव म्हणून. त्या अख्ख्या मोसमात विल्यम्सने एकच पास टाकला. आणि संघ तरी कुठला? एनएफएलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना सर्वांत शेवटी दार उघडणारा. तेही १९६२ मध्ये, सरकारी जमिनीवरचं नवं स्टेडियम वापरू देणार नाही, असा दम केनेडी सरकारने भरल्यावर.

१९८७चा मोसम संपाने विस्कटलेला होता. श्रोडर कधी जखमी, कधी सूर हरवलेला. विल्यम्सने सुरुवातीपासून खेळलेले दोन्ही सामने संघ हरला होता. तरी शेवटच्या साखळी सामन्यात मधेच उतरून त्याने मिनेसोटाविरुद्ध बाजी पलटवली आणि गिब्ज यांनी बाद फेरीसाठी त्यालाच निवडलं.

३१ जानेवारी १९८८, सॅन डिएगो. आदल्या दिवशी त्याच्या दाताचं रूट कॅनल झालं होतं. पहिल्या पंधरा मिनिटांत जॉन एल्वेचा डेन्व्हर १०-० असा पुढे गेला. त्यात विल्यम्सचा पाय घसरून गुडघा दुखावला. दोन चालींसाठी श्रोडर मैदानात आला. दुसऱ्या भागात विल्यम्स परतला आणि पहिल्याच चालीत रिकी सँडर्सला पास दिला: ८० यार्ड, टचडाउन. मग गॅरी क्लार्क, पुन्हा सँडर्स, क्लिंट डिडियर. एका भागात चार टचडाउन पास, संघाचे ३५ गुण. सुपर बोलमध्ये असं कधीच घडलं नव्हतं. श्रेय त्याच्या एकट्याचं नाही. नवखा टिमी स्मिथ त्या दिवशी २०४ यार्ड धावला. शेवटी ४२-१०, आणि सामन्याचा मानकरी विल्यम्स.

पुढच्याच मोसमात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे तो बाहेर बसला, मार्क रिपियनने जागा घेतली, आणि १९९० मध्ये वॉशिंग्टनने त्याला मोकळं केलं. त्याच्यानंतर सुपर बोल जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक रसेल विल्सन. साल २०१४.